घोड्याचा मालक गॅलरीत

घोडे आणि घोड्यांचे किस्से, दोन्हींची एकच खोड. एक घरात आला की दुसऱ्यासाठी जागा करावी लागते. ऑफिसात एकदा डबा खाताना मी एक किस्सा सांगून बसले, तर दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच विचारणा सुरू, "मॅडम, आपके घोड़ेवालों का आगे क्या हुआ?" आता इतके साठलेत की कुठेतरी उतरवून ठेवलेले बरे.

आधीच सांगते, आम्ही घोड्यावर बसणारी माणसं नाही. आम्ही घोडे जमवतो. खेळण्यातले! म्हणजे अगदी हुबेहूब, हाताने रंगवलेले, कोणी वीतभर, कोणी बोटभर. परदेशातल्या कंपन्या दरवर्षी नवे घोडे काढतात आणि रायपुरात बसून आम्ही चार वेडे त्यांची वाट पाहतो.

चार म्हणजे कोण? पहिले बोरकर काका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर, घर चौबे कॉलोनीत. दुसरे डॉक्टर गजभिये, सरकारी पशुवैद्य, राज्य वेगळं झालं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या वाटणीत भोपाळहून इकडे आलेले. तिसरी रश्मी, बँकेत आहे, आईवडील अमरावतीचे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. आणि चौथी मी, सुषमा. माहेर वर्धा, नोकरी सरकारी, घोडे त्रेसष्ट.

दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी काकांच्या घरी वर्षाचा आढावा असतो. त्या वर्षी जे नवे घोडे निघाले, त्यातला आपल्याकडचा सर्वात चांगला प्रत्येकाने आणायचा. बाकी तिघांनी दहा-दहापैकी मार्क द्यायचे, म्हणजे एकूण तीस. पहिल्या नंबराचं नाव काकांच्या वहीत लाल शाईने, बाकीची निळ्या.

आता गंमत पाहा. वही काकांची, शाई काकांची, घर काकांचं, चहा काकूंचा, आणि लाल शाईत काकांचं नाव एकदाही नाही! दरवर्षी आम्ही चपला घालत असताना ते दारात उभे राहून म्हणायचे, "मरायच्या आत एक डाव तं येऊ द्या रे बापा!" आणि आम्ही दरवर्षी हसायचो.

*

आमची भेट कशी झाली ते ऐका.

राज्य तेव्हा नवं नवं होतं. जिकडे पाहावं तिकडे शिडीवर पेंटर, पाट्या बदलणं चालू. अशा दिवसांत कळलं की गोलबाजारातल्या एका दुकानात परदेशी रबरी घोडे आलेत. मी गेले. दुकानदाराला सांगितलं, भाच्यासाठी पाहिजे. बाई माणसाने स्वतःसाठी घोडा मागणं बरं दिसतं का?

शेजारी एक गृहस्थ उभे होते. शर्टाच्या खिशात पेन नाही, भिंग! त्यांनाही घोडाच हवा होता, नातवासाठी.

दुकानदाराने बारा घोडे काढले. मी म्हटलं, याच्या पोटावर जोडाची रेघ दिसते. ते म्हणाले, याच्या नाकपुडीचा रंग बाहेर गेला. मी म्हटलं, याची आयाळ एकाच बाजूला दाट आहे. ते म्हणाले, "अन् याचे डोळे पाहा. एक पूर्वेले, एक पश्चिमेले!"

पाऊण तासाने दुकानदाराने हात जोडले. "भैया, दीदी, खेलना बच्चों को है कि आप लोगों को?"

आम्ही दोघं एकेक घोडा घेऊन मुकाट्याने बाहेर आलो. रस्त्यावर मी सहज विचारलं, "नातू केवढा आहे हो?"

"नातू? माह्या पोराचं लग्नच व्हायचं हाय अजून!" ते म्हणाले. "तुहा भाचा कितवीत हाय?"

"मला ना भाऊ, ना बहीण."

तिथेच उभ्या उभ्या आम्ही एकमेकांचे घोडे उलटे करून पाहिले.

*

डॉक्टर गजभिये आमच्यात आले ते पेशंट पाहायला.

परदेशातून येताना घोडा डब्यात दबतो, पाय वाकतो आणि टेबलावर ठेवला की कलंडतो. काकांचा एक नवा घोडा असाच लंगडा निघाला. कॉलोनीत जनावरांचे डॉक्टर राहायला आलेत असं कळल्यावर काका घोडा पिशवीत घालून त्यांच्याकडे पोचले. डॉक्टरांनी पिशवीतून घोडा काढला आणि सवयीने विचारलं, "चारा खाते का?"

मग स्वतःच इतके हसले की चष्मा काढावा लागला. पण घोडा काही त्यांनी परत दिला नाही. उलटासुलटा करून म्हणाले, "डावा पुढचा. शेक द्या. मीही येतो."

उपाय तसा साधा आहे. पाय गरम पाण्यात धरायचा, मऊ झाला की सरळ करायचा, मग गार पाण्यात घालायचा. पण काकांना वाटलं, एक पाय मऊ आणि तीन कडक, असं जनावर उभं कसं राहणार?

काकू पुरानी बस्तीतल्या देवळातून परत आल्या. पाहतात तर गॅसवर दूध तापवायचा गंज, त्यात घोडा चारही पायांवर उभा, आणि एक रिटायर इन्स्पेक्टर आणि एक क्लास टू ऑफिसर घड्याळ हातात धरून त्याच्याकडे बघतायत.

काकूंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, "रस्सा पातळ ठेवता का घट्ट?"

घोडा सरळ झाला, पण चारही पायांचा रंग फिका पडला. डिसेंबरात नंबर चौथा. डॉक्टरांनीच मार्क कापले!

*

'ज्याचा घोडा, तो गॅलरीत' हा आमचा नियम. तो का करावा लागला, हे काकांना ओळखणाऱ्याला सांगायला नको.

पहिल्या वर्षी मालक खोलीतच बसायचा. रश्मीने काकांच्या अबलख घोड्याला सहा मार्क दिले. काकांनी जी वकिली सुरू केली! दीड तास! तीन वेळा चहा झाला. शेवटी रश्मी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, आप ही लिख लीजिए जितना लिखना है!" काका म्हणाले, "मी कसा लिहू? माहाच घोडा हाय ना तो! नियम हाय का नाही काही?"

तेव्हापासून मालकाने गॅलरीत जायचं आणि दार लावून घ्यायचं. घोडा पाटावर. बाकी तिघांनी हात मागे बांधून आधी नुसतं पाहायचं, मग उलटा करून पोट, खूर, शेपटीखालचा जोड, सगळं तपासायचं आणि मग मार्क. वीस मिनिटं तरी जातात.

काका गॅलरीत गेले तरी गप्प थोडेच बसणार? "उजेडात पाहा! ट्यूबलाइटखाली त्याचा रंग मरते!" "कानामागं पाहिलं का? कानामागं?" समोरच्या घरातल्या भाभी हे चार-पाच डिसेंबर पाहत होत्या. एकदा राहवलं नाही, त्यांनी काकूंना गाठलं.

"आंटी, अंकल को हर साल बाहर क्यों निकाल देते हैं?"

"रिझल्ट रहता है आज," काकू म्हणाल्या.

"किसका?"

"घोडे का."

भाभी काळजीने म्हणाल्या, "पास तो हो जाता है न?"

"पास होता है जी," काकूंनी सुस्कारा सोडला, "नंबर नहीं आता."

*

माझा नवरा घोडे मोजतो. त्यामुळे नवा घोडा घरी मागवायची सोय नाही. मी ऑफिसचा पत्ता देते.

एका वर्षी आमचं कार्यालय नुकतंच नव्या रायपुरात हललं होतं. टेबल नवं, खुर्ची नवी, पंखा नवा, आणि प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. हे काम स्टोअरच्या साहूजींचं. इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. कचऱ्याच्या डब्यालाही आत-बाहेर दोन्हीकडे नंबर!

मी दोन दिवस रजेवर होते आणि नेमकं तेव्हा पार्सल आलं. पार्सलवर कार्यालयाचं नाव मोठं, माझं बारीक. साहूजींनी विचार केला, कार्यालयाच्या पत्त्यावर आलं म्हणजे कार्यालयाचं.

मी परत येऊन साहेबांच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेले, तर फायलींच्या रॅकवर माझा घोडा! तुकतुकीत पोटाचा कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी घोडा, आणि त्या पोटावर... मी जवळ जाऊन वाचलं. कार्यालयाचं नाव, आडवी रेघ, नंबर.

मी धावत स्टोअरमध्ये गेले. "साहूजी, वह घोड़ा मेरा है!"

साहूजी म्हणाले, "मॅडम, रजिस्टर में चढ़ गया है। अब वह साहब का भी नहीं है। शासन का है।"

आता शासनाची वस्तू सोडवायची तर ती आधी निरुपयोगी ठरवावी लागते. त्यासाठी तीन सदस्यांची समिती बसली. घोड्याची पाहणी झाली. टीप आली: "घोड़ा एक ही स्थान पर खड़ा रहता है। चलता नहीं है। कार्यालय के किसी काम का नहीं।"

साहेबांनी खाली लाल पेनाने लिहिलं, "सहमत। यह टीप समस्त स्टाफ को भी दिखाई जाए।"

घोडा मिळाला, नंबरासकट. डिसेंबरात मी तोच नेला. डॉक्टरांनी दहा दिले, रश्मीने दहा दिले. मला वाटलं, यंदा लाल शाई माझी! मी गॅलरीत उभी, आणि आतून काकांचा आवाज आला, "शासनाचा असो का देवाचा असो, पोटावर ऑइलपेंट म्हणजे चार मार्क कमी!"

मी दुसरी आले. आणि काका? तिसरे.

*

काका नंबरासाठी किती आसुसले होते याचा एक पुरावा देते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळात तान्हा पोळा भरतो. लहान मुलं लाकडाचे, चाकं लावलेले बैल सजवून आणतात, त्यातले तीन नंबर निघतात, सगळ्यांना खाऊ. एका वर्षी मी भाचीला... भाची नाही मला, शेजारच्या मुलीला घेऊन गेले. पाहते तर लाइनीत काका!

पुढे सहा वर्षांची पोट्टी, मागे पाच वर्षांचा पोट्टा, मधे काका. हातात दोरी. दोरीला चाकाची पाटी, पाटीवर घोडा. गळ्यात घुंगरू, अंगावर काकूंनी शिवलेली झूल.

परीक्षक होत्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई. त्या काकांपाशी थांबल्या. "बोरकर साहेब, हा बैल नाही."

"बाई, तो लाकडाचा तरी कुठं बैल हाय?" काका म्हणाले.

बाई विचारात पडल्या. मागच्या पोट्ट्याला मात्र अन्याय सहन झाला नाही. तो ओरडला, "टीचर, दादाजी का वाला हल नहीं चला सकता!"

तरी बाईंनी काकांना स्टेजवर बोलावून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. कंपास पेटी! काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, फोटोसाठी थांबले. घरी गेल्यावर काकू म्हणाल्या, "कंपास भेटला ना? आता दहावीचा फार्म भरून टाका."

त्याच संध्याकाळी काकांचा मला फोन. "सुषमा, हे वहीत लाल शाईनं लिहिता येते काय वो?"

मी नाही म्हटलं. आजही मला ते जरा टोचतं.

*

एका वर्षी मात्र आम्हाला खरंच वाटलं होतं, काका काढतात!

त्या वर्षीचं पीकच तसं होतं. माझ्याकडे निघाला नाताळचा घोडा, गळ्यात घंटा, पाठीवर लाल मखमल. दिसायला छान, पण मखमल उचलली की खाली रंगच नाही! कंपनीला वाटलं असेल, कोण उचलून पाहणार. डॉक्टरांचा नांगरट करणारा भारी घोडा, पायांना झालर असते ना, तसला. रश्मीने आणला शिंगवाला, कपाळावर एक शिंग, अंगावर चांदीची भुकटी.

डॉक्टरांनी त्याचं शिंग भिंगातून पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे माह्या अभ्यासक्रमात नव्हतं."

"सर, सींग मिलाकर नंबर दीजिए न!" गॅलरीतून रश्मी ओरडली.

"घोड्याले नऊ. शिंगाले गैरहजर."

आणि काकांचा? काकांचा होता मारवाडी! परदेशी कंपनीने आपल्याकडचा घोडा काढला होता. कान आत वळलेले, वर टोकाला टोक भिडलेलं. काकांनी तो महिनाभर आधीपासून उशाशी ठेवला होता. पण डॉक्टर म्हणाले, टोकं इतकी भिडत नाहीत. काका म्हणाले, भिडतात. मी मोजून दाखवतो.

डिसेंबरचा पहिला आठवडा, लग्नाचे दिवस होते. संध्याकाळी तेलीबांध्याच्या रस्त्यावर वरात निघालेली, बॅन्ड जोरात, नवरदेव घोडीवर. घोडी अस्सल मारवाडी. काका एका हातात आपला घोडा आणि एका हातात पट्टी घेऊन सरळ वरातीत शिरले. आम्ही तिघं फुटपाथवर आड उभे. ओळख कोण दाखवणार?

घोडीवाला म्हणाला, "चाचा, क्या चाहिए?" काकांनी पट्टी सरळ घोडीच्या कानाकडे नेली. नवरदेवाच्या वडिलांना वाटलं, कोणी इन्स्पेक्टर आलाय. ते धावत आले. "साहब, बँड की परमिशन है हमारे पास!"

काका म्हणाले, "आप नाचो. मैं सिर्फ कान देख रहा हूँ।"

तेवढ्यात वरून फुलांच्या झालरीतून नवरदेवाचा घाबरा आवाज आला, "अंकल, रिजेक्ट मत करना! मुहूर्त निकल जाएगा!"

काकांनी पट्टी धरली खरी, पण बॅन्ड वाजला की ती घोडी कान मागे पाडायची. बॅन्ड थांबला की वरात चालायची. अर्धा किलोमीटर काका तिच्याबरोबर चालले. शेवटी लग्नाच्या हॉलपर्यंत पोचले आणि तिथल्या लोकांनी त्यांना जेवायलाच बसवलं!

कानांचा निकाल लागला नाही. आढाव्यात डॉक्टरांनी सात दिले. काका एका मार्काने तिसरे.

*

मग काकांच्या मुलाचं लग्न झालं, हैदराबादला त्याने घर घेतलं आणि ठरलं की काका-काकूंनी आता तिकडेच राहायचं. चौबे कॉलोनीचं घर भाड्याने द्यायचं, जानेवारीत निघायचं. म्हणजे तो डिसेंबर काकांचा शेवटचा. अकरावा आढावा, आणि लाल शाई अजून नाहीच.

आम्ही तिघांनी काकांना वगळून फोनवर एक नवा ग्रुप काढला. नाव रश्मीने ठेवलं, 'लाल शाई'. त्यात चर्चा अशी झालीच नाही. डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली, "काकाले माहे दहा." खाली मी लिहिलं, "माझेही." रश्मीने नुसते तीन घोडे पाठवले.

रविवारी गेलो तर घर खोक्यांनी भरलेलं. काकांची कपाटं रिकामी. भिंतीवर जिथे घोड्यांच्या फळ्या होत्या तिथे फिके पट्टे. मला एकदम भरून आलं, लपवत नाही. पण पाट मात्र जागेवर होता, घासूनपुसून.

माझ्या घोड्याला चोवीस मिळाले, डॉक्टरांच्याला पंचवीस. मग रश्मीचा. राखाडी रंगाचा, अंगभर फिकट ठिपके, प्रत्येक ठिपका हाताने काढलेला. आम्ही बावीस मिनिटं तो पाहत होतो. मी साडेआठ, डॉक्टर साडेआठ. काकांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "यात काढाले काहीच नाही. दहा." एकूण सत्तावीस.

आता काकांचा. काळाभोर, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. त्यांनी तो रुमालाने पुसून पाटावर ठेवला, गॅलरीत गेले आणि दार स्वतःच ओढून घेतलं. त्या दिवशी बाहेरून एक शब्द ओरडले नाहीत.

आत आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "दहा." मी म्हटलं, "दहा." रश्मी म्हणाली, "दस," आणि धावत जाऊन दार उघडलं. "काका, आइए! तीस में तीस! फर्स्ट!"

काका दारातच थांबले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "उलटा तरी केला काय?"

"केला ना काका," मी म्हटलं. इतकं वाईट खोटं मी जन्मात बोलले नसेन.

"मग मागच्या उजव्या खुरात काय हाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी रश्मीकडे.

काकांनी घोडा उलटा करून आमच्यापुढे धरला. खुराच्या आत रंगाचा फोड होता, मोहरीएवढा. मांडीच्या आतून जोडाची रेघ सरळ वर गेलेली. "मार्च महिन्यापासून मी पाहून राहिलो. भिंग नाही लागत याले. डॉक्टर, तुमी जनावराचा पाय न पाहता सर्टिफिकेट देता काय?"

"नाही देत," डॉक्टर म्हणाले.

"मग?"

डॉक्टरांनी घोडा हातात घेतला. खरंच पाहिला. खूप वेळ पाहिला. "आठ," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मी नऊ म्हटलं.

रश्मीने तोंड फिरवलं. "मैं नहीं काटूँगी।"

"काट बेटा."

"नहीं काका। फर्स्ट आपका है।"

"काहून? मी चाललो म्हणून?"

काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"दहा वर्षं त्या गॅलरीत थंडीत उभा राहिलो मी," काका म्हणाले. "असा घ्याले?"

रश्मी रडत होती. "नौ," ती म्हणाली.

आठ, नऊ, नऊ. सव्वीस. काकांनी वही उघडली, लाल पेनाने रश्मीचं पूर्ण नाव लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. मग निळ्या पेनाने खाली आपलं. सगळ्यांना चहा मिळाला का ते पाहिलं. घोडा कापसात गुंडाळून डब्यात ठेवला, डबा खोक्यात न टाकता स्वतःच्या हँडबॅगमध्ये. मग चष्मा डोक्यावर सरकवून रश्मीला म्हणाले,

"बेटा, मोबाइलवर पाहून सांग बरं. रिझर्वेशन आता किती दिवस आधी खुलते? आमच्या वेळचं बदललं असन."

रश्मीने डोळे पुसले, पाहिलं. "चार महीने पहले, काका।"

"म्हणजे ऑगस्टच्या शेवटी," काकांनी बोटांवर मोजलं आणि वहीच्या त्याच पानावर कोपऱ्यात लिहून ठेवलं. "हैदराबाद ते रायपूर. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारच्या आधीचं एक काढून ठेवजो."

"दोन काढजो वो पोरी," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "लोअर बर्थ."